खुर्चीबदल

आमचा देश एवढासा आहे की वाटाघाटींच्या शिष्टमंडळात सख्खी भावंडं निघाली तरी कुणाच्या भुवया वर जात नाहीत. ताई शिष्टमंडळाची प्रमुख आणि मी तिचा कायदेशीर सल्लागार. तिसरं कुणी नाहीच. मोठ्या देशांची माणसं लोंढ्याने येतात, त्यांच्यात नुसत्या फायली उचलायलासुद्धा वेगळा माणूस असतो. आम्ही दोघं मात्र एकाच वेळी तीन खोल्यांत बसायचा प्रयत्न करतो आणि जेवायला आळीपाळीने जातो. माझी भयंकर चिडचिड होते. ताईची होत नाही. ती म्हणते, "दोघंच आहोत ते बरंय, आपसात भांडणं नाहीत." हे कोण सांगतंय, तर जिच्याशी मी कळायला लागल्यापासून भांडत आलोय ती.

या खेपेला आम्हाला एकच गोष्ट पदरात पाडून घ्यायची होती. हवामानाच्या कराराच्या मसुद्यात एक वाक्य होतं. समुद्र चढल्यामुळे घर गमावलेल्या लोकांना नव्या जागी उभं करायची जबाबदारी सगळ्या देशांनी मिळून घ्यायची, असं काहीसं. त्यात 'घर गमावलेल्या' याच्या पुढे चार शब्द कंसात होते: 'आणि पाणी येण्याआधी हललेल्या'. आमच्या धंद्यात ज्यावर एकमत नाही ते कंसात ठेवतात. एकमत झालं की कंस जातो आणि शब्द राहतात. नाही झालं तर शब्दांसकट कंस जातो. चांगली शिकलीसवरलेली माणसं या दोन खुणांपायी वर्षानुवर्षं एकमेकांचं डोकं खातात.

त्या चार शब्दांत आमची आई होती. आई आणि आमची अख्खी किनाऱ्याची आळी. मोठ्या भरतीचं पाणी ओट्याला लागायला लागलं तेव्हा ताई घरोघर फिरली होती. पाणी उंबऱ्याच्या आत यायची वाट बघू नका, आत्ताच टेकडीवर चला, असं ती प्रत्येकाच्या मागे लागली. सगळ्यात जास्त आईने छळलं. "तुझ्या बाबांनी बांधलेलं घर आहे, मी काय गाठोडं आहे का उचलून ठेवायला?" म्हणाली आणि दार लावून घेतलं. शेवटी तयार झाली ती ताईच्या रडण्याने, मुद्द्यांनी नव्हे. आई निघाल्यावर बाकीच्यांनाही मागे राहायचं कारण उरलं नाही.

आता सगळे वर पत्र्याच्या खोल्यांमध्ये राहतात. नळ नाही, शाळा नाही, दवाखाना नाही. आमचं सरकार म्हणतं, ज्या दिवशी जग तुम्हाला विस्थापित म्हणून मोजेल त्या दिवशी सगळं बांधू, तोवर आमच्याकडे काही नाही. सरकार खोटं बोलत नाही, खरंच काही नाही. म्हणजे ते चार शब्द राहिले तर टेकडीवर पाणी येणार, आणि उडाले तर आईने आणि शेजारपाजारच्या बायकांनी डोक्यावरून कळश्या वाहायच्या, त्याही मरेपर्यंत. इतका साधा हिशेब होता.

शेवटच्या फेरीआधी बोलणी पार फिसकटली होती. मोठे देश आणि आमच्यासारखे छोटे किनारी देश एकमेकांच्या तोंडाकडे बघायला तयार नव्हते. तेव्हा परिषदेच्या अध्यक्षांनी एक मध्यस्थबाई आणल्या. ठेंगण्या, हळू आवाजात बोलणाऱ्या, आणि इतक्या शांत की मला पहिल्या दिवशी त्यांचा रागच आला. आयुष्यभर त्यांनी भांडणंच मिटवली होती, कारखान्यांतली, सरहद्दींवरची, कुठली कुठली. त्यांनी दोन्ही बाजूंच्या मुख्य मुख्य देशांच्या प्रमुखांना आणि त्यांच्या एकेका सहकाऱ्याला शहराबाहेरच्या एका जुन्या विश्रामगृहात नेलं आणि तिथे खुर्चीबदल घेतला.

खुर्चीबदल म्हणजे असं. मध्ये दोन खुर्च्या. आपल्या विरोधकाच्या खुर्चीत आपण बसायचं आणि त्याची बाजू मांडायची, तीसुद्धा अशी की त्याने म्हणावं, बाबा रे, हे तर मलाही इतकं चांगलं जमलं नसतं. कागद नाही, फोन नाही. इथे कोण काय बोललं हे नाव घेऊन बाहेर सांगायचं नाही. बाई म्हणाल्या, "समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडून निघालं की तो राक्षस वाटायचा थांबतो." मला ती शाळेतली नाटकं वाटली. पण सांगायला हरकत नाही, पद्धत चालली. संध्याकाळपर्यंत एकमेकांना पाण्यात पाहणारी माणसं एका टेबलावर चहा पीत होती.

आमच्या समोर दाढीवाले होते. एका बलाढ्य देशाचे प्रमुख वाटाघाटीकार, पांढरी कातरलेली दाढी, आणि वागायला इतके सभ्य की त्यांनी नकार दिला तरी आपण आभार मानून उठतो. ते चार शब्द कंसात त्यांनीच टाकले होते, पण का टाकले ते त्यांना धड सांगता येत नव्हतं. 'आमच्या संसदेला पटणार नाही' एवढंच पालुपद. ते आमच्या खुर्चीत बसले आणि बरे बोलले. टेकडीवरच्या बाईला पाणी वाहून आणावं लागतं, वगैरे. ठीकठाक.

मग ताई त्यांच्या खुर्चीत बसली.

तुम्हाला माझी बहीण माहीत नाही म्हणून सांगतो, तिला अर्धवट काही करताच येत नाही. लहान मुलांशी पत्ते खेळतानासुद्धा ती जिंकायला खेळते. तिने पदर सावरावा तसा कोट सावरला, क्षणभर डोळे मिटले, आणि डोळे उघडले तेव्हा ती आमची राहिली नव्हती.

"मला समुद्राने ज्यांचं घर नेलं त्यांच्याबद्दल बोलायचं आहे," ती म्हणाली. "आत्ता, या क्षणी, माणसं गुडघाभर पाण्यात झोपताहेत. आपल्याकडे दोरी एक आहे आणि ती आखूड आहे. जे वेळेवर निघाले त्यांचं मी कौतुक करतो. पण ते काठावर पोचलेत. काठावरच्याला दोरी द्यायची, तर ती पाण्यातल्याच्या हातातून काढून घ्यावी लागेल. ती कुणाच्या हातातून काढायची, ते तुम्हीच मला सांगा."

आणि ती थांबली. ते थांबणंसुद्धा अगदी मोजून मापून.

दाढीवाल्यांनी हळूच मान डोलावली. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांत जोरात. माझी बहीण आहे, मला अभिमान वाटला. मध्यस्थबाई म्हणाल्या, "आता स्वतःच्या खुर्चीत या आणि याला उत्तर द्या." ताई उठून आमच्या खुर्चीत आली आणि हसली.

"सापडत नाहीये," ती म्हणाली. "आधी चहा घेऊ या, चहानंतर सापडेल."

सगळे हसले. चहानंतर दुसऱ्या जोडीची पाळी होती, त्यामुळे तो विषय तिथेच राहिला. परतीच्या बसमध्ये ताई खूश होती. "बघितलंस त्यांचं तोंड?" म्हणाली. मी म्हटलं, "तू नटी व्हायला हवी होतीस." दोघंही पोरांसारखं खिदळत होतो.

शेवटच्या दिवशी मोठ्या सभागृहात सगळे देश बसले. भर दुपार असूनही आत दिवे लागलेले, आणि गारवा एवढा की ताईने माझा मफलर घेतला होता. डाव्या हाताला शेजारीण बसली होती. शेजारच्या बेटांच्या शिष्टमंडळाची प्रमुख, ताईची जुनी मैत्रीण. प्रत्येक परिषदेत या दोघी जवळजवळ बसतात, एकमेकींच्या चपला घालतात आणि तिसऱ्या कुणालाही आमच्या गटात फूट पाडू देत नाहीत. त्यांची बेटं तर आमच्याहूनही सखल. तिकडे हलायला टेकडीच नाही.

आमचं वाक्य पडद्यावर आलं, कंसासकट. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला बोलायचंय? दाढीवाल्यांनी आपली पाटी उभी केली. आमच्याकडे देशाच्या नावाची पाटी उभी केली की बोलायची परवानगी मागितली असा अर्थ. त्यांनी माईक जवळ ओढला.

"मला समुद्राने ज्यांचं घर नेलं त्यांच्याबद्दल बोलायचं आहे," ते म्हणाले.

मी कागदावर काहीतरी लिहीत होतो. मी मान वर केली. मला आधी वाटलं, दुसरीकडे वळतील, नुसती सुरुवात सारखी असेल.

"आत्ता, या क्षणी, माणसं गुडघाभर पाण्यात झोपताहेत. आपल्याकडे दोरी एक आहे आणि ती आखूड आहे."

मी ताईकडे पाहिलं. ती सरळ समोर बघत होती, पापणीसुद्धा हलत नव्हती, आणि ओठ मात्र किंचित हलत होते. पुढचं वाक्य तिला पाठ होतं ना. दाढीवाले ते बोलायच्या आधी तिच्या ओठांवर येत होतं. 'ती कुणाच्या हातातून काढायची, ते तुम्हीच मला सांगा' इथे ते थांबले, अगदी तिच्याइतकेच थांबले. तिचा मुद्दा त्यांनी उचललाच होता, सोबत तिचा श्वाससुद्धा उचलला होता. इतका निर्लज्जपणा इतक्या सभ्य आवाजात मी आयुष्यात ऐकला नव्हता.

खरा धक्का तर पुढे होता. सभागृहात एकेक पाटी उभी राहायला लागली आणि त्या पाट्या आमच्याच लोकांच्या होत्या. छोटी बेटं, सखल किनाऱ्यांचे देश, इतकी वर्षं आमच्या खांद्याला खांदा लावून बसलेले. एकाने म्हटलं, आमचा पाठिंबा आहे. दुसऱ्याने म्हटलं, जे पाण्यात आहेत त्यांना आधी. त्यांचे लोक पाण्यात होते, आमचे टेकडीवर. आम्हाला एकमेकांपासून तोडायला कुणी साधी कुरापतसुद्धा काढली नव्हती, नुसती एक दोरी दाखवली होती. मग डावीकडे शेजारणीचा हात तिच्या पाटीकडे गेला. ताईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"माझी माणसं पाण्यात आहेत गं," शेजारीण कुजबुजली. तिचे डोळे भरले होते. "मी काय करू, तूच सांग." आणि तिने पाटी उभी केली.

अध्यक्षांना वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते कळलं. त्यांनी थोडा वेळ दिला, ज्यांना आपसात बोलायचंय त्यांनी बोलून घ्या म्हणाले. ताई उठली ती थेट दाढीवाल्यांकडे. मी मागे मागे. त्यांच्याभोवती घोळका होता, त्यातून वाट काढून ती समोर उभी राहिली.

"ते त्या खोलीतलं होतं," ती म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता.

"मी तुमचं नाव घेतलं नाही," दाढीवाले म्हणाले. "आणि कधीही घेणार नाही. दिलेला शब्द मी मोडलेला नाही."

"तुम्ही चोरी केलीत," मी म्हणालो. मला राहवलं नाही.

त्यांना राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे जरा दुःखानेच बघत होते. "नीट ऐका. आम्हाला हा अख्खा करार फेटाळायचे आदेश होते. पूर्ण करार. त्या संध्याकाळी मी तुमच्या बहिणीचं बोलणं वर कळवलं, नाव न घेता, आणि पहिल्यांदाच मला सही करायची मोकळीक मिळाली. चार शब्द जाताहेत, बाकी सगळं राहतंय. पाण्यातल्या माणसांना मदत मिळणार आहे. हे यांच्यामुळे झालं." मग ते ताईकडे वळले. "मी तुमची वाट पाहिली, खरंच पाहिली. चहानंतर तुम्ही उत्तर सांगाल असं वाटलं होतं. ते असतं, तर मी तेसुद्धा वर कळवलं असतं."

मला त्यांना खोटं ठरवायचं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर कुठेतरी लबाडी सापडावी म्हणून मी बघत राहिलो. सापडली नाही. माणूस मनापासून बोलत होता.

आम्ही जागेवर येऊन बसलो. मी ताईच्या कानाशी लागलो. "हरकत घे. कारण द्यायची गरज नाही. एका देशाने नाही म्हटलं तरी पुरे."

"मग सगळाच करार पडेल."

"पडू दे!"

तिने शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण खाली मान घालून पदरी पडलेलं पाप मोजावं तशी बोटं चाळवत होती. अध्यक्षांचा आवाज आला, "कंसातला मजकूर वगळून वाक्य मान्य करावं असा प्रस्ताव आहे. कुणाची हरकत?" त्या सभागृहात गप्प बसणं म्हणजे होकार. मत मोजत नाहीत, हात वर करायला सांगत नाहीत. थोडं थांबतात आणि हातोडा टेबलावर आपटतात, की झालं.

मी पाटीकडे हात नेला. ताईने माझं मनगट धरलं.

"उभी करून बोलणार काय?" ती पुटपुटली. "काय बोलू, सांग ना. तू सांग, मी बोलते."

मी वकील आहे. बोलायचेच पैसे मिळतात मला. आज घरी बसून विचार केला तर धडाधड दहा उत्तरं सुचतात, एकाहून एक चोख. तेव्हा एकही सुचलं नाही. डोक्यात नुसती ती दोरी होती आणि सगळ्या जगाच्या नजरा. हातोडा पडला. पडद्यावरून कंस गेला, चार शब्द गेले, आणि वाक्य जवळ सरकून असं जुळलं की तिथे कधी काही होतं यावर कुणाचा विश्वास बसला नसता. सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. करार झाला होता. मध्यस्थबाई लांब भिंतीपाशी उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. तोंडावर हात ठेवून त्या ताईकडे बघत होत्या.

बाहेर लांबलचक बोळ होता, गालिचा घातलेला, कडेला कॉफीचं यंत्र. ताई तिथे भिंतीला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, "आईला नंतर सांगू." ती म्हणाली, "रेडिओवरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे." तिने फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"झालं का गं?" आईने विचारलं. मागे बायकांचा गलका होता, आळीतल्या सगळ्या तिच्याच खोलीत जमल्या असणार. "काय ठरलं?"

ताईने आडवळण घेतलं नाही. "आई, आपलं झालं नाही. पाणी यायच्या आधी जे हलले त्यांना मोजायचं नाही असं ठरलं. ज्यांच्या राहत्या घरात पाणी शिरेल, त्यांनाच फक्त मोजणार."

आई आता कडाडणार म्हणून मी मान खाली घातली. तिचा तोंडाचा पट्टा सुरू झाला असता तर मला सुटल्यासारखंच वाटलं असतं.

"राहत्या घरात," आई सावकाश म्हणाली. "म्हणजे पाणी शिरेल तेव्हा माणूस तिथे राहत असला पाहिजे."

"हो."

"आणि आपल्या खालच्या घरात अजून शिरलेलं नाही. परवाच बघून आले मी. ओट्यापर्यंतच येतंय."

"हो, पण—"

"मग आहे की वेळ," आई म्हणाली.

ताईने भिंत सोडली. "कसला वेळ? आई? कसला वेळ म्हणतेस?"

आई फोनवर नव्हती. ती खोलीतल्या बायकांशी बोलत होती. सामान खाली न्यायचं, पत्रे राहू द्यायचे, आधी अंथरुणं न्यायची, पुढच्या मोठ्या भरतीच्या आत सगळ्यांनी आपापल्या घरात असलं पाहिजे. कुणीतरी काहीतरी विचारलं. आई म्हणाली, पोरांनाही न्यायचं, पोरंही मोजतील ना. तिच्या आवाजात ना राग होता ना रडू. बाजाराला निघताना असतो तसा आवाज होता.

"आई, ऐक माझं!" ताई ओरडली. बोळातून जाणारी माणसं थांबून बघायला लागली. "तुला हात जोडते, खाली जाऊ नकोस. ते पाणी सांगून येत नाही. तुला पोहता येत नाही आई!" तिने फोन माझ्यापुढे धरला. "सांग तिला. अरे काहीतरी सांग ना!"

मी फोन घेतला. "आई, ताईचं ऐक," एवढंच म्हटलं.

"तू पण आहेस का तिथे? बरं झालं," आई म्हणाली. "तिला रडू देऊ नकोस. एवढं काही झालेलं नाही. एकदा आम्हाला मोजून झालं की येऊ आम्ही परत वर. जेवलात का दोघं?"

मग फोन बंद झाला. ताई पुन्हा पुन्हा लावत राहिली. आई उचलत नव्हती, बहुतेक सामान बांधत होती.